कळशीतला सूर

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसला नाही. तो कळशीत होता.

सेलूच्या एका शाळेत मराठी शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि राहायला खोली शोधत हिंडत होतो. बाजारगल्लीत भांड्यांच्या दुकानावरची माडी रिकामी आहे असं कळलं, म्हणून तिथं गेलो. पुढं स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी, वर टांगलेले झारे, आणि पार मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धोतर-बंडीतला एक दांडगा माणूस स्टुलावर ठेवलेल्या तांब्याच्या कळशीवर ओणवा झालेला. दोन्ही तळवे कळशीच्या पोटाला, तोंड कळशीच्या तोंडाशी. मला वाटलं, याला उलटी होतेय. मी घाबरून म्हणालो, "पाणी आणू का?"

त्या माणसानं मान वर न करता एक बोट उचललं. कळशीतून 'हंऽऽ' असा लांबलचक आवाज आला. कळशीनंही त्यात आपला आवाज मिसळला. मग तो माणूस ताठ उभा राहिला, बंडीत सरकवलेली, गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढून छातीवर नीट केली आणि म्हणाला, "हं. आता बोला."

"माडीवरची खोली..."

"सावकाश. तुमी माडीवरूनच बोलायलाव. खोली अजून दिली न्हाई तुमाला."

हे आप्पा. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिलो आणि कितीतरी वर्षं माडीवरूनच बोलत राहिलो. शिक्षकाला तशी सवय लागते. शाळेची प्रार्थना मी माइकशिवाय सांगायचो आणि माझा आवाज रेल्वे फाटकापर्यंत जातो अशी माझी समजूत होती. फाटकाजवळ राहणाऱ्या कुणाला मी कधी विचारलं नाही.

आप्पांचं म्हणणं असं, की माणसाला जगातलं सगळं ऐकू येतं, फक्त स्वतःचा आवाज खरा ऐकू येत नाही. तो ऐकू येतो डोक्यातल्या डोक्यात, आणि डोकं नेहमी मालकाच्या बाजूनं बोलतं. म्हणून तोंड उघडण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी विचारून घ्यावं. रिकाम्या कळशीचा स्वतःचा एक सूर असतो. आपण त्या सुरावर आलो की ती गुणगुणायला लागते, जरा इकडंतिकडं झालो की गप्प. "तिला तोंडदेखलं बोलता येत न्हाई," आप्पा म्हणायचे.

त्यामुळं कुठलंही महत्त्वाचं बोलणं निघालं की आप्पा समोरच्याला "बसा, आलोच" म्हणून मागच्या कोपऱ्यात जायचे. मुलाला रागवायचं असलं की आधी कळशी. व्याह्यांना टेलिफोन करायचा असला की आधी कळशी. भांडणाला आलेलं गिऱ्हाईकही ताटकळत उभं राहायचं, आणि आप्पा परत येऊन बोलायला लागेपर्यंत त्याचं अर्धं भांडण निवलेलं असायचं. बोरीहून माझे वडील एकदा मुलाचं बिऱ्हाड बघायला आले. शेतकरी माणूस, दोन दिवस राहिले, सगळं बघितलं. एस.टी.त बसताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालक लय भला माणूस हाय. पण त्या कळशीत कोण हाय?"

आप्पा माणसांचे आवाज भांड्यांवरून ओळखायचे आणि कुणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. आमचे मुख्याध्यापक म्हणजे पिंप. तहसीलमधले एक कारकून म्हणजे वाटी. समोरचा शिंपी गाणारा होता, त्याला ते फुलपात्र म्हणायचे. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की कान टवकारून म्हणायचे, "म्हातारा झालाय बगा. पूर्वी घागर होता, आता किटली झाला." माझं भांडं कोणतं, असं मी एकदा मोठ्या उमेदीनं विचारलं. मनात होतं, परात नाहीतर बंब तरी म्हणतील.

"तुमी? डबा. पत्र्याचा," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं माझं तोंड बघून त्यांनी भर घातली, "झाकण चांगलं हाय."

हे मी घरी सांगायला नको होतं. आमच्या लग्नाला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. बायकोनं तो शब्द जपून ठेवला आणि आजही ती योग्य वेळी काढते.

काकींना, म्हणजे आप्पांच्या पत्नींना, या कळशीचा मनापासून राग होता. काकी माहेरच्या झरी गावच्या. अंगानं काटकुळ्या, आवाजानं मऊ, पण बोलायला लागल्या की आप्पांना कोपरा गाठावा लागायचा. "माझ्याशी बोलायच्या आधी कळशीला इचारतेत," त्या माझ्या बायकोला सांगायच्या. "माझी चांगली म्हायेरची कळशी नेऊन ठेवली दुकानात. मला ही स्टीलची दिली. पाणी लागतंय का हिच्यातलं गोड?" आप्पांच्या समोर त्या हे बोलल्या की आप्पा कळशीकडं बघायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकानं कळशीची किंमत विचारली, तर मात्र झटकन उत्तर यायचं, "ती इकायची न्हाई."

कळशीचा खरा दिवस सोमवार. गल्लीच्या टोकाला महादेवाचं देऊळ आहे. सोमवारी संध्याकाळी तिथं आरतीला सगळा बाजार जमतो, आणि आरती उचलायचा मान, म्हणजे पहिली ओळ एकट्यानं म्हणून सगळ्यांना सूर द्यायचा मान, आप्पांचा होता. आमच्या त्या आरतीचं एक दुखणं आहे. ती सुरू होते जमिनीवर आणि शेवटच्या कडव्याला एकदम कळसावर जाते. उचलणाऱ्यानं पहिली ओळ थोडी जरी वर धरली, तरी शेवटी सगळ्यांची ओढाताण होते. पुरुष किंचाळतात, बाया तोंड मिटून घेतात, आणि महादेव सगळं ऐकून घेतो.

म्हणून आप्पा सोमवारी दुकान बंद करायच्या आधी कळशीतून सूर घ्यायचे आणि तो ओठांत गुणगुणत देवळापर्यंत चालत जायचे. भरलेला पेला न्यावा तसे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला नव्हतं. माझ्या पहिल्याच सोमवारी मी चांगल्या घरचं वळण दाखवायला वाटेत हात जोडून खणखणीत आवाजात म्हणालो, "नमस्कार, आप्पा. निघालात का?"

आप्पा थांबले. गुणगुण थांबली. आजूबाजूच्या दुकानदारांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भरल्या रस्त्यात कुणाला तरी पाडलंय. आप्पा म्हणाले, "निघालो होतो," आणि वळून पुन्हा दुकानात गेले. कुलूप काढलं, शटर वर केलं, कळशीत तोंड घातलं. आरती उशिरा झाली. त्यानंतर बरेच दिवस बाजारात माझी ओळख 'आप्पांचा सूर सांडला ते सर' अशी होती.

वय वाढत गेलं तसं आप्पांना ऐकू कमी यायला लागलं. पण कळशीच्या पोटाला लावलेले तळवे होतेच. सूर जुळला की तांबं थरथरतं, ते हाताला कळतं. "कान गेला तर जाऊ द्या, हाताला ऐकू येतंय," असं ते म्हणायचे. अडचण पुढची होती. दुकान ते देऊळ एवढ्याशा वाटेत सूर हातून निसटायचा. मग ते अर्ध्यातून परत फिरायचे. कधी एकदा, कधी पुन्हा. कुणी हसायचं नाही. चहावाला उकळता चहा खाली उतरवून ठेवायचा, शिंपी मशीन थांबवायचा आणि सगळी गल्ली जीव मुठीत धरून आप्पांना देवळाच्या पायरीपर्यंत पोचवायची.

ही सगळी गंमत एका लाउडस्पीकरनं संपवली. देवळाच्या मंडळींनी वर्गणी काढून नवं यंत्र आणलं. सूर थोडा चढवून आवाज भरदार करायची त्यात कसलीशी कळ होती, आणि मंडपवाल्यानं हौसेनं ती पुरती फिरवून ठेवली होती. आप्पा सूर घेऊन व्यवस्थित पोचले, माइकसमोर उभे राहिले, पहिली ओळ उचलली. समोरच्या स्पीकरच्या खोक्यातून त्यांचाच आवाज परत आला, जरासा वर. आप्पांना वाटलं आपण खाली राहिलो, म्हणून ते चढले. खोकंही चढलं. मग आप्पा आणखी चढले. आपल्याच आवाजाच्या मागं ते जिना चढत गेले आणि प्रत्येक पायरीवर तो आवाज त्यांच्या पुढं उभा होता. तिसऱ्या कडव्याला बाया गप्प झाल्या. मग पुरुष गेले. शेवटच्या कडव्याला नुसत्या टाळ्या चालू होत्या. आप्पांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

पुढच्या रांगेत काकी तोंड मिटून जमिनीकडं बघत होत्या. आप्पांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आरतीचं ताट खाली ठेवलं आणि माइकमध्ये म्हणाले, "चुकलं."

त्या दिवशी परत जाताना आप्पा वाटेत सगळ्यांशी बोलले. चहावाल्याच्या सुनेची चौकशी केली, शिंप्याला दमा कसा आहे विचारलं. सोमवारी आप्पांना रस्त्यात असं गप्पा मारताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. शिंपी आधीच आला होता. आप्पांनी त्याच्याकडून कळशीत सूर लावून घेतला. काय सुरेख लागला. मग माझ्याकडून. बऱ्याच खटपटीनंतर कळशीनं माझ्या नावानं एकदा हुंकार दिला. शिंपी गेल्यावर आप्पा म्हणाले, "आता आरती तुमी उचला, सर."

मला खरंच भरून आलं. मी म्हणालो, "पण शिंप्याचा गळा..."

"लय चांगला हाय. म्हनूनच न्हाई. चांगला गळा वर जातो. मागं कोण राहिलं बगत न्हाई. तुमचं तसं न्हाई. तुमी वर जातच न्हाई. जाताच येत न्हाई तुमाला."

"पण मग शेवटचं कडवं? तिथं तर मीही पोचणार नाही."

"तुमी नका पोचू. झांज वाजवा. बाया पोचल्या पायजेत." मग कळशी माझ्या हातात देत त्यांनी सगळी विद्या दोन वाक्यांत सांगितली. "उचलताना पयल्या कडव्याकडं बगू नका, शेवटच्याकडं बगा. आन् पुढच्या रांगेत म्हातारी बाई बसती, तिच्याकडं."

कोणती म्हातारी, हे मी विचारलं. पुढच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्याच बसायच्या. आप्पा म्हणाले, "बगत जावा."

मी घरी कळशी घेऊन आलो आणि ही निवड माझ्या गुणांमुळं झाली अशा थाटात सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे डबा म्हणूनच घेतलं ना?"

आप्पा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झालो, रेल्वे लाइनीच्या पलीकडं घर बांधलं, पण सोमवारची आरती सोडली नाही. कळशीतून सूर घ्यायचा, तो ओठांत धरून फाटक ओलांडायचं, गल्लीतून देवळात जायचं. फाटक बंद असलं आणि मालगाडीनं शिट्टी दिली, की मी निमूट घरी परत. आप्पांना ही पंचाईत नव्हती.

अलीकडं लोक आरतीनंतर आवर्जून येऊन मला सांगायला लागले होते, "आज आरती लय उंच झाली, सर." मी हात जोडून "महादेवाची कृपा" म्हणायचो. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. मला स्तुती आणि तक्रार यांतला फरक पहिल्यापासून पटकन कळत नाही.

काकी आता खूप थकल्या आहेत. तरी दर सोमवारी पुढच्या रांगेत असतात. त्या हल्ली आरती म्हणत नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, काकी म्हाताऱ्या झाल्या. मी स्वतः सत्तरीचा, हातात काठी, आणि मला काकींची कीव आली. एका सोमवारी देवळाच्या पायरीवर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पुढल्या बारीपासून मी येत न्हाई बाई. गळा गेला माझा. शेवटच्या कडव्याला पोचतच न्हाई. देवापुढं मुक्यावानी बसायचं, ते बरं दिसत न्हाई." त्या हे रडून बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्तच लागलं. आप्पा गेल्यावरसुद्धा ज्यांचा सोमवार चुकला नव्हता, त्या काकी देवळात यायचं सोडणार होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या सूनबाईंनी मोबाइलवर आरतीचं रेकॉर्डिंग लावलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला घेतलं होतं. मी पेपर वाचत होतो. थोडा वेळ ऐकून मी वैतागून म्हणालो, "हा कोण किंचाळतोय? याला कुणी गप्प का करत नाही?"

सूनबाईंनी आतल्या खोलीकडं पाहिलं. बायको आतून म्हणाली, "सांग ना. कुणीतरी सांगायलाच पाहिजे."

"बाबा, तुम्हीच आहात," सूनबाई म्हणाल्या.

मी ते पुन्हा लावायला लावलं. माझा आवाज डोक्यात मला जसा ऐकू येतो, चांगला भरदार, शाळेच्या मैदानावरचा, तसा तो अजिबात नव्हता. पत्र्याचा डबा कुणीतरी खिळ्यानं ओरबाडत होतं. आणि पहिल्याच ओळीत मी इतक्या वर होतो, की शेवटच्या कडव्याला काकी काय, तरणी पोरगीही पोचली नसती. काकींचा गळा कुठंही गेला नव्हता. माझा कान गेला होता.

मी कळशी काढली. 'हंऽऽ' केलं. नीट लक्ष दिलं तर काही ऐकू येईना; इतके दिवस मी सवयीनंच सूर धरत होतो. तळवे लावले. साखरेच्या आजारानं माझ्या हातांना बारा महिने मुंग्या असतात. कळशी थरथरते की मी, हे कळेना. आप्पांना निदान हात तरी होते.

परभणीला कानाच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी तपासून कानात यंत्र बसवलं आणि बोलायला सांगितलं. मी शाळेत शिकवलेला एक धडा म्हणू लागलो. त्या यंत्राचा आवाज कमीजास्त करत होत्या, आणि दर वेळी माझा आवाज त्याच्या मागं धावत होता. त्या हसायला लागल्या. "सर, यंत्राच्या मागे पळू नका. आवाज तुमचा आहे, यंत्राचा नाही."

मी विचारलं, असं का होतं. त्या म्हणाल्या, "तरुणपणी गळा आपल्या सवयीनं चालतो. कानानं काही वेगळं सांगितलं तरी तो फारसा ऐकत नाही. वय झालं की गळा घडोघडी कानाला विचारतो, आणि कान जे सांगेल तिकडे वळतो. नेमका तेव्हाच कान चुकीचं सांगायला लागतो."

मला लाउडस्पीकरसमोरचे आप्पा आठवले. त्या दिवशी मी रांगेत उभा राहून मनात म्हणालो होतो, एवढं साधं कळू नये का, खोक्याकडं कशाला लक्ष द्यायचं.

पुढच्या सोमवारी काकींनी एकदा तरी यावं, असा निरोप मी बायकोबरोबर पाठवला आणि कानात यंत्र घालून गेलो. आता वर जायचं नाही एवढं एकच डोक्यात होतं. यंत्रातून माझाच आवाज इतका मोठा आला की मी दचकून खाली उतरलो. तिथंही तो मोठाच, म्हणून आणखी उतरलो. पहिलं कडवं संपेपर्यंत आरती पार जमिनीखाली गेली. पुरुष मंडळी मोटार सुरू होत नसल्यासारखी घुरघुरत होती आणि बायांना कुठून धरावं तेच कळेना. काकींनी दोन ओळी प्रयत्न केला आणि ओठ मिटले. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमी बोलावलं म्हनून आले, सर. पण बगितलं न्हवं? न्हाई जमत आता मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कळशी पिशवीत घालून काकींकडं गेलो. दुकानात आता त्यांचा मुलगा मिक्सर आणि कुकर विकतो. काकी मागच्या कोपऱ्यात, आप्पांच्या जागी, खुर्चीवर बसल्या होत्या. मी सरळ सांगून टाकलं, "काकी, तुमचा गळा शाबूत आहे. सूर मी चुकीचा देतोय. माझा कान गेला, हात गेले आणि यंत्रानं होतं नव्हतं तेही घालवलं."

काकींना हसू फुटलं. "आन् मी आपली पोराला सांगून ठेवलं, माझे दिस भरले म्हनून."

मी कळशी स्टुलावर ठेवली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, एका पोच्यावर बोट थांबवलं. "हा झरीच्या आडावर पडला होता," त्या म्हणाल्या. "पान्याला जाताना रिकाम्या कळशीत तोंड घालून मी गाणं म्हनायची. मी म्हनलं की ही बी म्हनायची. दुसऱ्या पोरींच्या कळश्या गपगार. ही तेवढी माझ्या आवाजाला बोलायची. लगीन होऊन आले तर इथं मोठ्यानं बोलायची चोरी. मग न्हाणीत जाऊन हिच्यातच म्हनायची, हळू."

"आप्पांना माहीत होतं?"

"एकदा दारात हुबे होते. काय बोलले न्हाईत. थोड्या दिसांनी कळशी उचलून दुकानात नेली. मला वाटलं, माझं गाणं आवडलं न्हाई. लय दिवस रुसले मी."

माझ्या डोक्यात उजेड पडायला नेहमीच वेळ लागतो. वर्षानुवर्षं सगळा बाजार, पिंप आणि वाट्या आणि फुलपात्रं, दर सोमवारी या एका काटकुळ्या बाईच्या सुरात गात आला होता, आणि तिच्या नवऱ्यानं हे तिला कधी सांगितलं नव्हतं. मलाही त्यांनी 'बगत जावा' एवढंच सांगितलं, आणि मी मात्र झांजेकडं बघत राहिलो.

मी काकींना हे समजावून सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला. पदर हनुवटीला लावून, कळशीकडं बघत त्या म्हणाल्या, "मला आरतीत कधीच ओढाताण झाली न्हाई बगा. मला वाटायचं, आरतीच सोपी हाय."

"म्हणून पाहा यात," मी म्हणालो.

त्या लाजल्या. मग वाकल्या आणि 'हंऽऽ' केलं. मला ऐकू येईना म्हणून मी कळशीच्या काठाला हनुवटी टेकवली. पहिल्यांदा काही नाही. मग दाढेत, जबड्यात, कवटीत तांबं गुणगुणायला लागलं. मी डोळे मिटून तसाच राहिलो. कुकर बघायला आलेली एक बाई आम्हा दोघांची डोकी एका कळशीवर बघून घाबरली आणि म्हणाली, "पाणी आणू का?"

काकींनी मान वर न करता एक बोट उचललं.

त्यानंतरच्या सोमवारी सूर काकींनी घेतला. मी कळशी घेऊन मागं, काकी पुढं, आपल्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, ओठांत गुणगुणत. बाजारात आता नवी माणसं पुष्कळ आहेत. मोबाइलच्या दुकानवाल्यानं "शरणार्थ, आजी" अशी नमस्काराची हाक मारली. काकींनी उत्तर दिलं नाही. पण म्हातारा शिंपी अजून आहे. त्यानं काकींना येताना पाहिलं, मशीनवरचा पाय उचलला आणि मोबाइलवाल्याला हातानंच गप्प केलं. मग एकेक दुकान गप्प होत गेलं.

देवळात एकदोघांनी बाईनं आरती उचलावी का, अशी कुजबुज केली. मी त्यांना म्हणालो, पुढच्या सोमवारी मी उचलतो. ते लगेच म्हणाले, नको नको, काकीच बऱ्या.

काकींनी पहिली ओळ म्हटली. फार बारीक होती, पण सगळ्यांच्या हाताला येईल अशी होती. पुरुष आले, बाया आल्या, मागच्या भिंतीला टेकलेले म्हातारेसुद्धा आले. मी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, म्हणून मला ऐकू फार आलं नाही. मी काकींचे ओठ बघत होतो. ते एकदाही मिटले नाहीत.

शेवटच्या कडव्याला काकी पोचल्या. मी नाही पोचलो. मी झांज वाजवली.